राउंडपुरते ताठ

डॉक्टरांच्या राउंडची चाहूल लागली की मामा ताठ बसायचे, मिशीवरून हात फिरवायचे आणि कुणी विचारायच्या आधीच सांगायचे, "एकदम ओके हाय सायेब. सोडा आता."

कन्नड तालुक्यातल्या पॅसेंजर जीपमध्ये कधी बसला असाल, तर असा ड्रायव्हर तुम्ही पाहिला असेल. पोट स्टेअरिंगला टेकलेलं, शेजारी तिघं कोंबलेले, तरी रस्त्यावर उभ्या माणसाला "या की, लई जागा हाय" म्हणणारा. त्या वर्षी स्वाइन फ्लूनं पुन्हा डोकं वर काढलं आणि असेच एक ड्रायव्हर, सगळ्यांचे मामा, आमच्या वॉर्डात आले. मी तिथं स्टाफ नर्स. लासूर स्टेशनजवळच्या आमच्या वस्तीतली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी मीच. हे मी सगळ्यांना सांगते, मामांनाही सांगितलं. ते म्हणाले, "मंग तूच सांग की डॉक्टरला, सोडा म्हणून."

वॉर्ड बंद दाराआड. भेटायला कुणाला परवानगी नाही. घाटात गाडी फिरवणाऱ्या माणसाचं जग ऑक्सिजनच्या नळीएवढं झालं होतं. शेजारच्या पलंगावरचे सडपातळ मास्तर बरे होऊन घरी गेले, तेव्हा मामा बिथरले. त्याला बी तोच आजार अन् मला बी तोच, मग मलाच का डांबलं, म्हणाले. आजार तोच असला तरी वजन आणि शुगर तुमची आहे, असं मी सांगितलं. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

एकदा राउंडच्या आधी मी दारातून पाहिलं, तर मामांचा हात मागं ऑक्सिजनच्या चावीवर. त्यांनी ऑक्सिजन वाढवला. डॉक्टरांनी बोटाला यंत्र लावलं, आकडा छान आला. डॉक्टर पुढं गेले तशी मामांनी चावी होती तिथं आणून ठेवली आणि धापा टाकत आडवे झाले.

मी जाब विचारला, तर हसत आपली रीत सांगायला लागले. नाक्यावर पोलीस दिसला की जादा पॅसेंजर उतरवायचे, त्यांना नाका चालत ओलांडायला लावायचं आणि पुढं जाऊन पुन्हा भरायचे. नाक्यापुरती गाडी नीट दिसली की झालं, हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा.

"पोलिसाला फसवलं तर तो घरी जातो, मामा," मी म्हणाले. "इथं फसवलं तर तुम्ही जाल. एवढी कसली घाई?"

तेव्हा कळलं. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. अंगात ताप असताना यांनीच तिला सासरहून आणलं, शेजारच्या सीटवर बसवून. घरात गाडी चालवणारं दुसरं कुणी नाही. कळा सुरू झाल्या तर तिला दवाखान्यात कोण नेणार?

"ती खोकते का?"

मामा म्हणाले, "जरासं. फोनवर ऐकू येतं. डॉक्टरला नको सांगू ताई, तिला बी डांबतील."

मला गोड बोलता येत नाही. सांगून टाकलं, गरोदर बाईला हा आजार तुमच्यापेक्षाही वाईट धरतो, औषधाला उशीर झाला तर दोन जीव जातील.

त्यांनी मास्क खाली ओढला आणि लेकीला फोन लावला. शब्दाशब्दाला दम लागत होता. "बाई, आत्ताच्या आत्ता हितं ये. दुसऱ्याची गाडी कर."

ती वरच्या मजल्यावर दाखल झाली. औषध वेळेत मिळालं. खाली मामांनी सोडा म्हणायचं बंद केलं. राउंड आला तरी उठून बसेनात. डॉक्टरांना खरं सांगायचे, "दम लागतोय सायेब." प्रत्येक ड्यूटीच्या सिस्टरला एकच विचारायचे, "वरची कशी हाय?"

त्यांना आयसीयूत हलवून व्हेंटिलेटरवर घेतलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी लेकीचा ताप उतरला. मी जाऊन कानाशी सांगितलं. ऐकलं की नाही, कोण जाणे. मामा परत वॉर्डात आले नाहीत.

पुढं तिला मुलगी झाली. फोनवर ती मला सांगत होती. कळा सुरू झाल्या तेव्हा शेजाऱ्यानं वडलांचीच जीप काढली. त्यांच्या पोटापायी सीट इतकी मागं सरकवलेली की त्याचे पाय ब्रेकला पुरेनात. तो सीट पुढं ओढायला लागला, तेव्हा कळा सोसत ती म्हणाली, राहू द्या तशीच. मग त्यानं पाठीला उशी लावली आणि गाडी चालवली.