पासलीच्या बांधावर तपासलेली पट्टी

"साहेब, ताई गेली..." हिराताईंच्या धाकट्या भावाचा पासलीहून फोन आला, तेव्हा मी भोरच्या एसटी स्टँडवर उभा होतो. समोरची गाडी निघून गेली तरी तसाच उभा राहिलो. त्याला आता महिना झाला.

भोरजवळच्या आमच्या कारखान्यात फोमच्या पट्ट्या बनतात. मोठी इमारत उन्हानं फुगते, थंडीनं आकसते. म्हणून तिच्या दोन भागांत मुद्दाम फट ठेवतात. त्या फटीत बसून पाणी अडवायचं, हे पट्टीचं काम. प्रयोगशाळा माझ्याकडे. हिराताई तिथं झाडलोटीला आल्या आणि बघता बघता चाचण्या घेऊ लागल्या. पासलीला माहेरच्या बांधावर त्यांनी काँक्रीटचे दोन ठोकळे शेजारी शेजारी रोवून घेतले होते. प्रत्येक नवी पट्टी त्या ठोकळ्यांमध्ये खोचून वर्षभर ठेवायच्या. आम्ही हसायचो.

एका वर्षी नवी पट्टी मशीनवर उत्तम ठरली. एका शाळेच्या इमारतीसाठी मोठी ऑर्डरही आली. रिपोर्टवर माझी सही तेवढी राहिली होती. सोमवारी हिराताई माहेराहून थेट कामावर आल्या, पिशवीतून ठोकळ्यांमध्ये ठेवलेली तीच पट्टी काढली आणि माझ्या टेबलावर पिळली. रिपोर्ट भिजला.

"साहेब, सही करू नगा. मशीनला पासलीचं ऊन लागत न्हाई, पाऊस लागत न्हाई. त्या शाळेत पोरं बसणार हायती."

मी चिडलो. "तुमचं शिक्षण किती हो, हिराताई?"

"सातवी," त्या म्हणाल्या, आणि तिथंच उभ्या राहिल्या.

मी सही केली नाही. मालक संतापले, ऑर्डर गेली. पट्टी खरी जमायला आणखी दोन पावसाळे लागले. पण त्या प्रश्नाची माफी मी कधी मागितली नाही...

त्या आजारी पडल्या तेव्हा दवाखान्यात गेलो ते त्यासाठीच. "हिराताई, त्या दिवशी मी..." एवढंच बोललो. त्यांनी बोटानं समोरची भिंत दाखवली. "त्या फटीत नुसतं शिमिट भरलंय बगा. उन्हाळ्यात तडकंल. सांगा त्यास्नी." मी बाहेर जाऊन सांगून आलो, तोवर त्यांचा डोळा लागला होता. ती शेवटची भेट.

कुणाच्याही लग्नाला गेल्या की कार्यालयाच्या दोन भिंतींमधल्या फटीत त्या बोट घालून ओल आहे का बघायच्या. परवा भाचीच्या लग्नात, मुठीत अक्षता धरून उभा होतो. दुसऱ्या हाताचं बोट कधी फटीत गेलं, कळलंच नाही.

आत कोरडं होतं.