दात्यांचे टायर

कुडवा गावात माझी स्कूटर दुरुस्त करणारा मेकॅनिक चिखलाच्या मैदानावर मोटारसायकलच्या शर्यती खेळायचा. बोलताना हातातला पाना मांडीवर आपटत राहायचा. शर्यतीच्या टायरना मोठे दाते असतात आणि डांबरावर ते घसरतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी गाडी टेम्पोत घालून न्यायला तो तयार नसे. "टेम्पो कायले? गाडी काय बिमार हाय?" असं म्हणून तो शर्यतीसाठी त्याच टायरवर नागपूर गाठायचा.

एकदा माझा धाकटा भाऊ शर्यत पाहायला त्याच्यामागं बसून गेला. येताना ओल्या वळणावर गाडी घसरली. भाऊ जागीच गेला. मेकॅनिकचा फक्त हात मोडला.

त्यानं शर्यती सोडल्या. मी मात्र स्कूटर त्याच्याकडेच नेत राहिलो. तो माझ्याकडे न बघता काम करायचा.

एका दुपारी मी दुकानात असताना एक गिऱ्हाईक तसलेच टायर लावलेली गाडी घेऊन आलं. "चेन टाइट कर, भैया. शर्यतीले निघालो." मेकॅनिकनं चेन कसली आणि मग दोन्ही चाकांची हवा सोडून दिली.

"पागल झाला का बे?"

"टेम्पो बोलाव. असा नाही जाऊ देत मी."

त्या माणसानं त्याच्या थोबाडीत मारली. हा गाडीसमोरून हलला नाही. शेवटी शिव्या देत गिऱ्हाइकानं टेम्पो बोलावला.

टेम्पो गेल्यावर यानं कित्येक वर्षांनी माझ्याकडे पाहिलं. "दादा, त्या दिवशी मलेबी कोणी थांबवाले पायजे होतं."

त्या सकाळी याच दुकानासमोर उभा राहून त्याला आणि माझ्या भावाला हसत निरोप देणारा मीच होतो.