पहिली सही

निवेदन, मानपत्र, तक्रारअर्ज असं काहीही लिहायचं असलं की आमच्या इंदूरच्या मराठी मंडळात माझीच आठवण होते. पणजोबा संस्थानी काळात दरबारात कारकून होते आणि मी स्वतः कॉलेजात जन्मभर मराठी शिकवलं. त्यामुळे भाषा आमच्या घरी पाणी भरते, असा माझाही गोड समज होता.

मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती चाळीस सेकंदांची क्लिप फिरू लागली, तेव्हा अध्यक्षांनी लगेच मला फोन केला. एका वेब सिरीजमधला तुकडा होता. इंदुरातलंच मराठी घर, आणि देव्हाऱ्यासमोर नवरा बायकोचे केस धरून तिला ओढतोय.

"सर, असं कडक लेटर लिहा की कंपनीला सिरीज हटवावीच लागेल. समझते क्या हैं ये लोग!" अध्यक्ष तापलेच होते.

मी सिरीज पाहिली नव्हती. आठ भाग कोण बघत बसणार? रागवायला मला चाळीस सेकंद पुष्कळ झाले. एका बैठकीत दोन पानं लिहून काढली. घराघरांत पोचणाऱ्या माध्यमाला लगाम नको का, कलेच्या नावाखाली समाजाची बदनामी किती सोसायची, वगैरे. शेवटच्या वाक्यावर तर मी बेहद्द खूश होतो: 'आमच्या घरांत असले प्रकार घडत नाहीत.' ते मी स्वतःलाच दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं.

सह्यांची सुरुवात घरापासून करावी म्हटलं. बुधवार होता, बायको खजरान्याच्या गणपतीला गेली होती. घरात वहिनी होती. माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा गेल्यापासून ती आमच्याकडेच राहते. ती शेव डब्यात भरत होती. मी कागद पुढे केला. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि दोन्ही पानं शेवटपर्यंत वाचली.

"भावजी, तुम्ही पाहिली का ही सिरीज?"

"असलं काय बघायचं त्यात?"

"मी पाहिली. दुपारी मोबाइलवर. पूरी देखी." तिने डब्याचं झाकण लावलं. "तो तिला मारतो ना, तेव्हा बाहेर तिचा दीर टीव्ही बघत असतो. सासू म्हणते, आवाज वाढव. तो वाढवतो. क्लिपमध्ये ते नाहीये."

माझ्या हातात पेन तसंच राहिलं.

आमच्या जुन्या घरी टीव्ही बैठकीत होता, आवाजाचं बटण उजवीकडे. आतून आवाज येऊ लागले की आई म्हणायची, "वाढव रे जरा." मी वाढवायचो. मी काही शाळकरी पोर नव्हतो, एम.ए. करत होतो. थोड्या वेळाने दादा बाहेर येऊन शेजारी बसायचा आणि स्कोअर विचारायचा. मी सांगायचो. मग वहिनी चहा आणायची, आणि मी बशीकडे बघत तो घ्यायचो. त्या घरात तिच्याकडे सरळ बघायची माझी कधी हिंमत झाली नाही. हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

"ते बघून मला वाटलं, म्हणजे कोणीतरी पाहिलं होतं," वहिनी म्हणाली. "हटवायला लावू नका, भावजी."

तिने माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट. कागद फाडायला दोन सेकंद लागले असते. मी म्हणालो, "अध्यक्षांना शब्द दिलाय गं."

तिने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि सही केली. पूर्ण नावाची, मध्ये दादाचं नाव घालून. त्याच्या वरच्याच ओळीत माझं ते लाडकं वाक्य होतं. लाज वाटली, खरंच वाटली. तरी कागद घेऊन मी शेजाऱ्यांकडे गेलो.

महिन्याभरात सिरीज हटली. आमच्या पत्राने की आणखी कशाने, कोण जाणे. मंडळाने श्रेय घेतलं आणि गणेशोत्सवात मला शाल-श्रीफळ दिलं. वहिनी तिसऱ्या रांगेत होती. सगळ्यांबरोबर तिनेही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी माझी मान जी खाली गेली ती शाल काढेपर्यंत वर झाली नाही.

परवा संध्याकाळी बायको बाहेर गेलेली असताना धीर केला. निदान एकदा ती सिरीज बघावी म्हणून टीव्हीवर शोधू लागलो. खूप शोधली. सापडली नाही, तेव्हा मुकाट्याने बातम्या लावल्या. वहिनी दारात उभी राहून बघत होती.

"गेली ती, भावजी," ती म्हणाली. मग आत येऊन समोर बसली. "पण मला सगळी आठवते. सांगू?"

बातम्या चालू होत्या. रिमोट माझ्याच हातात होता.

"नंतर सांग," मी म्हणालो.