तिरपा गळा

आमच्या आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, टीव्हीवरच्या मालिकेची गोष्ट कधी कळतच नाही. कोण कुणाची सवत, कुणी कुणाच्या दुधात काय कालवलं, काही विचारा, पत्ता नाही. पण त्या सवतीच्या बाहीला किती चुण्या होत्या ते विचारा, मोजून सांगतील. बातम्या लागल्या की म्हणणार, "राजेश्वरी, हिनं माईक कुठं खोचलाय गं? वायर कुठनं नेली?" गाण्याच्या स्पर्धेत एखादं पोरगं जीव तोडून गातंय, घरदार डोळे पुसतंय, आणि ह्या पडद्याला नाक लावून त्याच्या जाकिटाची शिवण बघतायत.

सिताबाई त्यांचं नाव. लोहाऱ्यात ब्लाऊज शिवणाऱ्या बायका बऱ्याच आहेत, पण तीस वर्षं एकाच मशीनवर बसलेल्या ह्याच. शाळा चौथीपर्यंत, चौकशा मात्र कलेक्टरच्या. धाराशिवला जाताना एसटीत कंडक्टरला तिकिटाचं मशीन उलटंसुलटं करून दाखवायला लावलं होतं. घरातला रिमोट खोलला, परत जोडला, तर दोन तुकडे उरले. मोबाईलवर केक बघितला आणि ज्वारीच्या पिठाचा होतो का म्हणून कुकरात लावला. तो केक गल्लीतल्या कुत्र्यानं हुंगला आणि निघून गेला.

मी चिडायची. मला चिडायला वेळ लागत नाही, हे आधीच सांगून टाकते. "आत्या, हे नसते उद्योग सांगितलेत कुणी?"

"कुणी न्हाय. बघितलं आपलं," एवढंच त्या म्हणायच्या.

गेल्या वर्षी समोरच्या महानंदाच्या हर्षालीचं लग्न ठरलं. पोरगी आमच्याच अंगणात वाढलेली. तिला लग्नाच्या शालूवर ब्लाऊज हवा होता तो आठच्या मालिकेतल्या सुनेसारखा. मागचा गळा तिरपा, एका खांद्यावरून खाली उतरत गेलेला, कडेला सोनेरी गोट आणि तीन लटकनं. शालूच्या टोकाला ब्लाऊजचा जोडून येतो तेवढाच तुकडा. कापताना चुकलं की संपलं, तसलं कापड दुसरं मिळत नाही. मी म्हणाले, "साधा गोल गळा शिवा आणि मोकळ्या व्हा." पण आत्यांचे डोळे लागले होते चमकायला.

अडचण एकच होती. त्या मालिकेतल्या बाईचे केस कायम मोकळे. पाठ दिसायचीच नाही. आठ वाजले की आत्या टीव्हीसमोर, हातात खडू. "वळ की गं बये एकदा! सासू बोलावतीय, तिकडं तरी वळ!" तीन आठवडे ती बया काही वळली नाही.

शेवटी मीच जुने भाग मोबाईलवर धुंडाळले. मी तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात ऑनलाइन फॉर्म भरते, दुपारी जरा उसंत असते. एका भागात ती सापडली. केस वर बांधलेले, पदर पुढं ओढलेला, आरशाकडं पाठ करून हार अडकवत होती, आणि आरशात पाठच्या पाठ स्वच्छ. चित्र थांबवलं. आरशाची चौकट मध्ये मध्ये येत होती, म्हणून पाठ तेवढी मोठी केली, फोटो काढला आणि संध्याकाळी आत्यांपुढं धरला.

आत्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. पेपरावर गळा काढला, कापला, पुन्हा काढला. चार दिवस जेवणाचं भान नव्हतं. शिवून झाल्यावर गोटाची टीप अशी बसली होती की मशीनचं काम आहे यावर विश्वास बसू नये. खरं सांगते, मला त्यांचा अभिमान वाटला. तोंडानं मात्र "बरं झालंय" एवढंच म्हणाले.

हळदीच्या दिवशी सकाळी हर्षालीनं तो घालून बघितला. अंगात असा बसला की महानंदानं तिची दृष्टच काढली. मग हर्षालीनं शालू नेसून डाव्या खांद्यावरून पदर सोडला, आणि सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. तिरपा गळा, गोट, तिन्ही लटकनं, सगळंच्या सगळं पदराखाली. उजवीकडं दिसत होतं ते नुसतं कोरं कापड.

आत्या तिच्याभोवती दोन चकरा मारून आल्या. "डाव्या अंगाला गेलं गं सगळं, उजव्याला पायजे व्हतं," त्या हळू म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "राजेश्वरी, ती पाठ आरशातली होती का गं?"

खोलीत आठ-दहा बायका, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. "मला काय माहीत?" मी फटकन बोलले. "मी काय शिवणकाम शिकलेय? म्हणत होते ना, गोल गळा शिवा!"

आत्यांनी खाली वाकून शालूच्या निऱ्या सारख्या केल्या. हर्षालीच धावून आली. "राहू द्या हो काकू. नवऱ्यापुरतं झालं ते!" बायका खो खो हसल्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची," महानंदा म्हणाली. तिचा चेहरा पडला होता, तरी तिनं ते म्हटलं. आत्यासुद्धा हसल्या. घरी आल्या आणि मशीनवर जुनं लुगडं टाकून त्यांनी ते झाकून ठेवलं.

लग्नात त्या मागच्या रांगेत उभ्या राहिल्या. त्यानंतर कुणी कापड घेऊन आलं की "डोळं काम देत न्हाईत आता" म्हणून परत पाठवायला लागल्या. आठ वाजता टीव्ही लागायचा, तर ह्या त्याच्याकडं पाठ करून शेंगा फोडत बसायच्या. कुणाच्या बाहीचं नाव नाही, कुठल्या वायरीची चौकशी नाही. महिना गेला. मला वाटायचं, घर कसं शांत हवं. घर शांत झालं आणि मला त्या घरात जेवण जाईना. खोटं बोलून पचवायला छाती लागते, ती माझ्याकडं नाही.

आता लाज वाटते ते सांगते. लग्न होऊन नऊ वर्षं झाली, पण माझा एकही ब्लाऊज मी आत्यांकडून शिवून घेतला नव्हता. बिघडवतील, काहीतरी नवं करायला जातील, ही भीती. माहेरी जाताना कापड पिशवीत घालून न्यायचं आणि धाराशिवला शिवून आणायचं. त्यांनी एकदाही विचारलं नाही. घरातली सून बाहेर शिवून घेते हे सगळी गल्ली बघत होती.

एका रविवारी दुपारी मी कपाट उघडलं. भावानं घेतलेली जांभळी पैठणी, तिचा ब्लाऊजचा तुकडा तसाच कोरा होता. तो नेऊन आत्यांच्या मांडीवर ठेवला.

"कुणाचंय?" त्यांनी विचारलं.

"माझं. तिरपा गळा करा."

"न्हाय गं बाई. बिघडलं तर?"

"बिघडू द्या." मग मी एका दमात बोलून टाकलं. "आत्या, ती पाठ आरशातलीच होती. मी बघितलं होतं. चौकट मीच कापली आणि चारचौघीत तुमच्यावर ढकललं."

आत्यांनी कापडाचा काठ अंगठ्यानं चाचपला. "मला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"तू सून हाईस माझी. बायकांपुढं तुला खाली बघायला लावू व्हय?"

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग उठून मशीनवरचं लुगडं ओढून काढलं, गळ्यात टेप टाकला आणि म्हणाल्या, "सरळ हुबी ऱ्हा. हात वर कर."

नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या माझं माप घेत होत्या. खांदा झाला, बाही झाली. छातीला टेप लावला आणि त्यांचा हात थांबला. परत लावून बघितला. मग टेप तसाच धरून त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं.

"पोरी," त्या म्हणाल्या, "लई वाळलीस गं तू. म्या बघितलंच न्हाय."