पेनांचा डबा

"पेनं डब्यात टाका. आधी ऐका, मग सही."

करार व्हायचा असला की आमच्या वकीलबाई आपला रिकामा जेवणाचा डबा टेबलावर उघडून ठेवत. बिल्डर असो, आर्किटेक्ट असो, ठेकेदार असो, सगळ्यांची पेनं त्यात जमा व्हायची. मग बाई पहिल्या पानापासून करार मोठ्याने वाचत. वाचून संपेपर्यंत पेन कोणालाही परत मिळत नसे.

सोलापुरात दुकानांचे गाळे बांधणाऱ्या एका बिल्डरकडे मी टायपिस्ट आहे. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याच्यापुढे मालकसुद्धा हाताची घडी घालून बसतो. पेनाला शेंगाचटणीचा वास लागला की साहेब नाक मुरडत, पण बोलत नसत.

खोदकामाचा ठेकेदार मोहोळचा. तो मात्र वैतागायचा. "बाई, लई वेळ झाला की. तितं माणसं खोळंबल्यात."

"खड्ड्यात माझी माणसं उतरतात का तुझी?"

"माझीच की."

"मग ऐक."

एक कलम त्या दोनदा वाचत. खड्ड्याच्या कडेला बिल्डरने आधाराची भिंत बांधल्याशिवाय खाली माणूस उतरवायचा नाही. "काळी माती आहे आपली. पाणी प्याली की सरकते," असं वर सांगत. ऐकून ऐकून आम्ही कंटाळलो होतो.

यंदाच्या कॉम्प्लेक्सचा करार साहेबांनी पुण्याच्या वकिलाकडून करून घेतला. तो मोबाइलवर आला, ठेकेदाराने साइटवरूनच ओटीपी सांगितला आणि सही झाली. बाईंना कळलं तेव्हा त्यांनी त्याला फोन लावला. "भिंतीचं कलम आहे ना रे त्यात?"

"असंल की, बाई."

"असेल नको. बघून सांग."

त्याचा परत फोन आलाच नाही. बाईंची तब्येत तेव्हाच बिघडली. बहिणीकडे बार्शीला जाताना डबा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "आता पेनच लागत नाही तुम्हाला." तिथेच त्या गेल्या. मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

परवा सकाळी ठेकेदार ऑफिसात आला. साइटशेजारची पाण्याची पाइपलाइन फुटली होती.

"कडंला भेग पडलीया. भिंत कवा बांधताय इचारलं, तर सायेब म्हनत्यात करार बघ. काम बंद करू नको म्हनत्यात. बाई कुटं हायत?"

"बाई गेल्या."

तो खाली बसला. त्याने खिशातलं पेन काढलं आणि, मी काही न म्हणता, डब्यात टाकलं. "तुमी वाचा."

मी कॉम्प्युटरवरून पहिल्या पानापासून वाचत गेलो. भिंतीचं कलम कुठेच नव्हतं. त्या जागी एकच ओळ होती: माती ढासळल्यास सर्व जबाबदारी ठेकेदाराची.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"माजा धाकटा भाऊ खाली हाय," तो म्हणाला आणि जिन्याकडे पळाला.

पेन डब्यातच आहे. ते न्यायला तो अजून आलेला नाही.