सारवलेला खंदक

सासरच्या घराला इतिहास आहे, हे मला लग्नाआधीच कळलं होतं. मुलगी बघायला आलेल्या मंडळींनी माझं नाव विचारायच्या आधी तो सांगून टाकला. घरामागे कोट आहे, कोटाभोवती खंदक आहे आणि आमचा मूळपुरुष त्या कोटाचा किल्लेदार होता. माझे वडील कसालच्या बाजारात दुकान चालवणारे साधे गृहस्थ. लेक किल्ल्यात पडली म्हणून ते महिनाभर ताठ मानेने हिंडले.

लग्न होऊन आले, आणि दुसऱ्या दिवशी मी किल्ला बघायला गेले. एक चौकोनी उंचवटा, कमरेइतका. त्यावर दोन काजूची झाडं आणि एक बांधलेली म्हैस. भोवतीच्या खंदकात वायंगणाचं, म्हणजे उन्हाळी पिकाचं, भात डुलत होतं. तट, बुरूज, तोफ, काही म्हणजे काही नाही. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "ता सगळा जमनीखाली आसा."

जमिनीखाली आहे म्हटलं की वाद संपतो. पण आमच्या गावात तो तिथूनच सुरू व्हायचा. गावात घरं दोन, बाकीची वस्ती. एक वरचं घर, एक आमचं खालचं. जत्रेला देवाची पालखी आधी वरच्या घरी जायची, मग आमच्याकडे. माझे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायचे, पालखी येईपर्यंत दारात असे उभे राहायचे की जणू कुणी पानात उष्टं वाढतंय. किल्लेदाराच्या घराला दुसरा मान! त्यांनी पुराणवस्तू खात्याला अर्जांवर अर्ज पाठवले. शेवटी एकसष्ट-बासष्टच्या सुमारास, बहुधा उत्तरं लिहून कंटाळल्यामुळे, खात्याने एक तरुण अधिकारी धाडून दिला.

लगेच मानकरी देवळात बसले आणि ठरलं. साहेब किल्ला म्हणाला तर यंदापासून पालखी आधी खालच्या घरी. नाही म्हणाला तर मामंजींनी या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाही. आमच्या मामंजींना न बोलण्याची शिक्षा म्हणजे माशाला पाण्याबाहेर काढण्यासारखं.

पहिली कुदळ मारण्याआधी गाऱ्हाणं झालं. देवापुढे बोलायचा मान गावकरांचा; ते देवाला सांगत होते आणि प्रत्येक मागणीला सगळे "व्हय म्हाराजा" म्हणत होते. खणणाऱ्यांना इजा होऊ नये, व्हय म्हाराजा. साहेबाक आमचा पाणी बाधू नये, व्हय म्हाराजा. इथे साहेबही भक्तिभावाने ओरडला. मग मामंजींनी गावकरांना कोपराने ढोसलं आणि ते घाईघाईने म्हणाले, "आणि हेंचो किल्लो सापडांदे!" आमच्या बाजूने जोरात व्हय म्हाराजा आलं. वरच्या घरचे आजोबा त्याच क्षणी खोकू लागले, ते मागणी देवापर्यंत पोचून जाईस्तोवर खोकतच होते.

वायंगण कापून झालं होतं, खंदक कोरडा होता. अधिकाऱ्याने खंदकात आडवा चर खणवला, दीड पुरुष खोल. वर आला की तो तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिकलं संशयाने हुंगायचा आणि मग तीनदा वाढून घ्यायचा. मी मॅट्रिक झालेली, हे आमच्याकडे पाहुण्यांना पाण्याच्या तांब्याबरोबर सांगितलं जायचं, त्यामुळे तो मला चराच्या भिंतीजवळ नेऊन समजावायचा. "वहिनी, हे थर बघा. हा काळा, हा तांबडा, हा राखेचा. सगळं इथे लिहिलंय, फक्त वाचता आलं पाहिजे." मी मान डोलवायची. मला तिथे माती दिसायची. प्रत्येक थरात त्याने खिळ्याने एकेक चिठ्ठी टोचली होती, आकडा घालून. मोठे साहेब येतील, थर वाचतील, मगच भिंतीचं चित्र काढायचं, असं ठरलेलं होतं. मुंबईच्या बोटीवरून त्यांना उतरवून आणायला तो मालवणला गेला. जाताना गड्यांना बजावून गेला, भिंतीला कुदळ लावू नका. गड्यांनी लावली नाही.

त्या सकाळी सासूबाई चराच्या काठावर येऊन उभ्या राहिल्या. "मुंबयचो मोठो साहेब येतलो, आणि तेका हो असो उखणलेलो खड्डो दाखवतलास?" त्या म्हणाल्या. "लोक काय म्हणतले? हेंच्या घरात बायलमाणसा आसत की नाय?"

मी म्हणाले, "आई, त्या भिंतीत लिहिलेलं आहे म्हणे."

"मगे पुसून स्वच्छ कर गो! शाळेतली पाटी पुसतत ना?"

शिकलेल्या सुनेने इथे काहीतरी बोलायला हवं होतं. पण चार दिवस ती पोपडे सुटलेली भिंत बघून माझेही हात शिवशिवत होते, हे कबूल करते. घरातल्या आम्ही चौघी बायका चरात उतरलो. आधी तांबड्या मातीचा हात, वर शेणाचा. म्हैस किल्ल्यावरचीच, म्हणजे शेणही ऐतिहासिक. खळं सारवतो तसे बोटांचे अर्धगोल उठवले. तळाला रांगोळी. चिठ्ठ्या मात्र मी फेकल्या नाहीत. मॅट्रिक होते ना! एक ते नऊ क्रमाने लावून दोऱ्याने बांधून ठेवल्या, खिळे वाटीत.

दुपारी दोघे साहेब आले. तरुण साहेबाने खाली पाहिलं आणि तो काठावर बसलाच. "वहिनी... माझे थर?"

"चिठ्ठ्या आहेत ना," मी पुडकं पुढे केलं. "एकही हरवलेली नाही."

मोठे साहेब छत्री टेकून खाली वाकले. म्हणाले, "उभ्या नोकरीत इतका स्वच्छ खंदक पाहिला नव्हता." मग त्यांनी भिंत वीतभर आत कापायला सांगितली. मामंजी काठावर उभे होते. शेणाचा एकेक पोपडा खाली पडला की मागे तटाचा दगड दिसतो का, ते वाकून बघायचे.

आतली भिंत सारवण्याआधीच्या भिंतीसारखीच निघाली, तेच नऊ थर. साहेब उकिडवे बसले आणि वाचू लागले. सापडलं काय, तर खापरं, तिसऱ्यांच्या शिंपल्या, पाट्याचा तुकडा, जळका भाताचा तूस. चिऱ्याचा तट नव्हताच कधी. "किल्ला नाही हा," साहेब खुशीत म्हणाले. "चार-पाचशे वर्षांपूर्वीचं एका खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याचं घर. चर खणला, त्याच माती‌ने उंचवटा केला. पावसाचं पाणी घरात येऊ नये आणि रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून. किल्ले पुष्कळ मिळतात हो, असं घर मिळत नाही!"

मामंजींना त्यातलं एकच ऐकू आलं. "म्हणजे आमचो मूळपुरुस डुकरांक भियालो?"

"भ्याला कुठे? शेतकरी होता."

"ता एकच."

आठवड्याने देवळात बैठक भरली. वरच्या घरचे आजोबा आज अजिबात खोकत नव्हते. "काय मगे, किल्लेदारानू?" ते म्हणाले. "तुमच्या आज्या-पणज्यान डुकरा किती मारल्यान?"

सगळे हसले. मामंजी उठले. मला वाटलं, आता हा माणूस कायमचा गप्प होणार.

"पुरावो होतो," ते म्हणाले. "वरच्या वीतभर मातीत होतो. आमच्या सुनेन तो सारवल्यान, आणि साहेबान कापून टाकल्यान. आता मी काय करू?"

हसू थांबलं. गावकरांनी बायकांच्या बाजूला पाहिलं. "खरा काय गो, बाय? तू शिकलेला चेडू. तू सांग."

वीतभर आत आणि बाहेर एकच माती होती, हे एव्हाना मलाही वाचता येत होतं. तसं सांगितलं असतं तर शिक्षणाची लाज राहिली असती. नाही सांगितलं, तर तालुक्यातली सगळ्यात वेंधळी मॅट्रिक मीच. मामंजी माझ्याकडे बघत नव्हते. धोतराचा सोगा दोन्ही हातांनी धरून ते खांबाकडे बघत होते.

"होय," मी म्हणाले. "मीच सारवलं."

मानकऱ्यांनी डोकी एकत्र केली. पालखी आहे तशीच आधी वरच्या घरी जाईल, पण किल्ल्याचा निकाल लागला असं म्हणता येत नाही, सबब बोलायला कुणाला बंदी नाही. वरच्या घरचे आजोबा तणतणत निघून गेले. मामंजी घरी येईपर्यंत बोलले नाहीत, आणि आल्यावर जे सुरू झाले ते वैकुंठवासी होईपर्यंत थांबले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला कागद घेऊन बसवलं. माझं अक्षर चांगलं म्हणून. खात्याने कृपा करून दुसऱ्या अंगाने पुन्हा खणावे, असं त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. मग पानाची पिंक टाकून आले आणि म्हणाले, "खाली आणखी एक ओळ घाल. या खेपेस घरातील समस्त स्त्रियांस आगाऊ माहेरी पाठविण्यात येईल."

मी सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि सहीसाठी कागद त्यांच्यापुढे सरकवला.