आप्पा, तीन मीटर चाला

म्हाताऱ्या माणसांच्या आजारांची परीक्षा द्यायची तर हाताशी एक म्हातारा माणूस लागतो, आणि माझ्या घरात तो होता.

मोबाईल अजून अंबडपर्यंत पोचले नव्हते, तेव्हाची गोष्ट. ताप, जुलाब आणि विंचू यांत माझ्या दवाखान्याची पंधरा वर्षं गेली होती. मग कुणीतरी सांगितलं की वृद्धांच्या आजारांचा टपालाने शिकायचा कोर्स निघालाय. शेवटी शहरात जाऊन तोंडी परीक्षा, पास झालं की प्रमाणपत्र. मी फॉर्म भरून टाकला. (चाळिशीनंतर माणसाला एकतर तंबाखू लागते नाहीतर शिक्षण. माझी बायको सुनंदा म्हणते, तंबाखू बरी होती, ती निदान तोंडात तरी राहते!)

अट एकच होती. एका वृद्धाची संपूर्ण तपासणी वहीत नोंदवून न्यायची. स्मरण, हिशेब, तोल, चाल. वही नाही तर परीक्षा नाही. परीक्षा आठ दिवसांवर आली आणि माझी वही कोरी! दवाखान्यात येणाऱ्या म्हाताऱ्यांचा खाक्या असा, की "सुई मार, जल्दी सोड, गाडी जाईल." तासभर बसणार कोण?

आप्पा. म्हणजे माझे वडील. वय सत्तरीच्या पुढे कुठेतरी. अर्धा जन्म मेंढरं राखली, मग अंतरवालीच्या शिवारात तुकडा घेऊन शेती केली, आणि गुडघे कुरकुरायला लागले तसे माझ्याकडे राहायला आले. शाळेत एकदाच गेले होते, तेही आत घुसलेलं कोकरू बाहेर काढायला.

एका सकाळी त्यांना खुर्चीवर बसवलं, वही उघडली आणि पुस्तकाच्या नियमाप्रमाणे आधी नाव, गाव, वय विचारून लिहून घेतलं.

"आप्पा, आज तारीख काय?"

"पंचमी."

"तारीख, आप्पा."

"मार्गशीर्ष वद्य पंचमी. काल चतुर्थी सोडली न्हाई का सूनबाईनं? तू बी खाल्ले की मोदक."

पुस्तकात पंचमीला मार्क नव्हते. मी शून्य लिहिलं. (आणि वहीवर मी स्वतः घातलेली तारीख कालची होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.)

"आता तीन वस्तू सांगतो, ध्यानात ठेवा. सफरचंद, टेबल, नाणं."

"सफरचंद? कोण आजारी हाय?"

"कोणी नाही. बरं, शंभरातून सात काढा."

"शंभर काय?"

"काहीही. मेंढरं समजा."

आप्पा ताठ बसले. "सात कुठं गेली?"

"गेली समजा."

"आशी कशी गेली? आन् तू काय करत व्हता?"

"आप्पा, उरली किती ते सांगा!"

"उरलेल्याला काय धाड भरली? ती हायेत जाग्यावर. आधी गेलेली धुंड!"

पुन्हा शून्य. मला मनातून वाईट वाटायला लागलं. आपले वडील इतके खचलेत आणि आपल्याला पत्ता नाही! डोळे पुसून मी पुढच्या पानावर आलो. त्यावर एकमेकांत घुसलेल्या दोन पंचकोनी आकृत्या होत्या. त्या बघून तशाच काढायच्या आणि खाली मनाने एक वाक्य लिहायचं. आप्पांना लिहिता येत नव्हतं, पण सही येत होती. म्हटलं, वाक्याच्या जागी सही चालवून घेऊ.

आप्पांनी कागद दूर धरला, जवळ धरला, उलटा केला.

"ह्ये कोणाचं वावर?"

"वावर नाही, आकृती आहे."

"मला शिकवतो का? पाच बांधाचं आपलं वावर. आन् ह्यो दुसरा आत घुसलाय, ह्यो कोण?"

"कोणी नाही, आप्पा. तुम्ही फक्त खाली सही करा."

आता मागे वळून पाहिलं की अंगावर काटा येतो. आमच्याकडे वही घेऊन म्हाताऱ्या माणसाला नाव, गाव, वय विचारायला एकच माणूस येतो, तलाठी. त्यानंतर नकाशा निघतो, त्यानंतर सही, आणि मग म्हातारा ओसरीवरून गोठ्यात जातो. हे मला ठाऊक होतं. मी त्याच मातीतला. पण त्या दिवशी मी माती झटकून पुस्तकात बसलो होतो.

आप्पांनी सही केली नाही. पेन्सिल मात्र खिशात टाकली.

"राहू द्या," मी म्हणालो, "आता शेवटचं. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं आणि परत येऊन बसायचं."

दारापर्यंत बरोबर तीन मीटर होते. मी घड्याळ हातात घेतलं. आप्पा उठले, चालले, दाराबाहेर गेले. दहा सेकंद झाले. वीस झाले. मी वहीत लिहिलं, 'वळताना वेळ लागतो.' पाच मिनिटांनी लिहिलं, 'वळण्यात गंभीर अडचण. पडण्याचा धोका जास्त.'

सुनंदा स्वयंपाकघरातून आली. "अहो, मामा कुठं गेले?"

"थांब जरा, चाचणी चालू आहे!"

तिने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं मी फक्त वेड्या कुत्र्याकडे पाहतो.

गल्ली पाहिली, देऊळ पाहिलं. शेवटी स्टँडवरच्या चहावाल्याने सांगितलं, "आप्पा? आत्ता अंतरवालीच्या गाडीत गेले की! खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरली, दोन पोरांला ढकललं आन् बसले." (पडण्याचा धोका जास्त!) मग त्याने कपबशी पुसत आवाज खाली आणला. "डॉक्टर, एक इचारू का? तुम्ही वावर नावावर करून घेऊन राह्यले का? आप्पा म्हणत व्हते, पोरानं नकाशा काढला, आता सही मागून राह्यला. डोळ्याला पाणी व्हतं त्यांच्या."

मी स्कूटर काढली. जाता जाता सुनंदाला सांगितलं, "सापडले की फोन करतो." त्या खड्ड्यांच्या रस्त्याने जाताना परीक्षा, वही, प्रमाणपत्र, सगळं डोक्यातून सांडत गेलं. एवढंच राहिलं की आपला बाप आपल्याला भिऊन पळाला.

अंतरवालीच्या चौकात, चहाच्या टपरीपुढच्या बाकड्यावर आप्पा बसलेले. शेजारी रखमाजी, त्यांचा मेंढरांमागचा जुना सोबती. आमच्या वावराचे बांध घातले तेव्हा साक्षीला हाच उभा होता. माझ्याविरुद्ध साक्षीदार आणायला आप्पा आले होते!

"आप्पा, आईच्यान सांगतो, मला जमीन नको..."

"गप बस." माझ्याकडे न बघताच आप्पा रखमाजीला म्हणाले, "हं, सांग. तीन वस्तू. काठी, घोंगडं, गोफण. काय काय सांगितलं मी?"

रखमाजी गोड हसला. "मेंढरं आली का?"

"येतीन. तू सांग, काय सांगितलं?"

"पाऊस हाय. मेंढरं आली का?"

आभाळ कोरडं ठणठणीत होतं. मेंढरं विकून वीस वर्षं झाली होती. रखमाजीची सून टपरीच्या खांबाला टेकून उभी होती. ती म्हणाली, "असंच चालतंय, दादा. दिवसातून चारदा मेंढरं वळायला निघत्यात. लोक येडा म्हणत्यात. मंग मी बाहेरून कडी लावते. काय करू?"

आप्पांनी खिशातून माझी पेन्सिल काढून माझ्या हातात दिली.

"बांधाचं इचारलं, न्हाई सांगता आलं. मला बी ओळखलं न्हाई आधी. मंग तुझंच इचारून पाह्यलं. कोरं पान." घसा खाकरून ते म्हणाले, "माझ्या डोक्याला काय बी झालं न्हाई. वावर पाह्यजे तर तोंडानं माग. पण ह्ये जर तू खरंच शिकून राह्यला असशील, तर ह्याच्यासाठी शीक."

वही घरीच राहिली होती. टपरीवाल्याकडून कागद मागून घेतला आणि तिथेच बाकड्यावर लिहायला बसलो. दोन तास रखमाजीपाशी बसलो. कुठून तरी आणलेल्या झोपेच्या गोळ्या दिवसाही चालू होत्या, त्या थांबवल्या. सुनेला सांगितलं की हा वेडेपणा नाही, आजार आहे. जाईल असं नाही, पण कडी लावण्यापेक्षा सोबत चालत जा, दोन बांध फिरवून आण. ती म्हणाली, "आन् मेंढरं आली का म्हणले तर?" मी पुस्तक आठवायला लागलो. आप्पाच म्हणाले, "मोजून घेतली म्हणायचं. सगळी हायेत म्हणायचं."

निघताना त्यांनी माझ्यापुढे तीन बोटं धरली. "आता तू ध्यानात ठेव. एक, दर सोमवारी रखम्याला पाह्यला यायचं. दोन, सुनेला रागावायचं न्हाई, एकटी करून राह्यली ती. तीन, आधी घरी फोन लाव."

"हो आप्पा."

आणि आम्ही अंबडला निघालो. गार वारा, मागे आप्पा, माझं मन पिसासारखं हलकं!

अंबडच्या वेशीवर भोंगा लावलेली रिक्षा समोरून आली. आत माझा कंपाउंडर पांडू. हातात माझ्याच वहीचं पान, आणि आवाज असा, की थेट जांब समर्थच्या देवळात ऐकू जावा:

"आप्पा हरवले आहेत! तारीख सांगता येत नाही! हिशेब येत नाही! वळण्यात गंभीर अडचण! पडण्याचा धोका जास्त! दिसल्यास धरून ठेवावे!"

आप्पांनी माझ्या खांद्यावर टकटक केलं.

"डाक्तर, मी तीन गोष्टी सांगितल्या व्हत्या. तिसरी कोणची?"

मी ब्रेक दाबला. सोमवार आठवला. सून आठवली. तिसऱ्या जागी डोक्यात नुसती घंटा. शेवटी घाम पुसत म्हणालो, "सफरचंद?"

रखमाजीची तपासणी वहीत उतरवून त्या वर्षी मी पास झालो. प्रमाणपत्र दवाखान्यात लावलंय, त्याच्याखालच्या खुर्चीत आप्पा बसतात, आणि नवीन पेशंट आला की माझ्याकडे हनुवटी करून सांगतात, "हुशार हाय. पण जे सांगायचं ते दोनदा सांगा. पोराला तीनपैकी दोनच राह्यत्यात."